इंग्रजीत स्वर नेमके किती, आणि ते ओळखायचे कसे?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. तुम्ही कोल्हापुरात इंग्रजी घेऊन एम.ए. करताय आणि सकाळच्या वेळी एका शाळेत पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवताय. नोट्समध्ये इंग्रजीचे स्वर २० दिलेत: १२ साधे, ८ संयुक्त. व्हिडिओतले अमेरिकन शिक्षक १५ च्या आसपास सांगतात. एका पुस्तकात ‘लाँग-शॉर्ट’ अशी विभागणी आहे, दुसऱ्यात ‘टेन्स-लॅक्स’. आणि शेवटी तुम्ही विचारलंय ते खरं दुखणं: ‘आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ आहेच की. मग जहाजाचं शिप आणि मेंढीचं शीप यांतला फरक म्हणजे आपला इ आणि ई, एवढंच ना?’

नाही, एवढंच नाही. सगळा गुंता इथूनच सुरू होतो, म्हणून उत्तर सविस्तर देते.

कोल्हापुरात बी.ए., एम.ए.च्या मुलांना आणि शाळेतल्या शिक्षकांना मी बरीच वर्षं फोनेटिक्स शिकवते आहे. बहुतेकांच्या डोक्यात तीन वेगळे प्रश्न एकत्र कालवले गेलेले असतात. हा स्वर तोंडात कसा तयार होतो, हा एक. या भाषेत कोणत्या फरकाने शब्द बदलतो आणि कोणत्या फरकाने बदलत नाही, हा दुसरा. आणि तो लिहायचा कसा, हा तिसरा. पहिला फोनेटिक्सचा, दुसरा फोनॉलॉजीचा, तिसरा स्पेलिंगचा. नोट्समध्ये तिन्हींची उत्तरं एकाच तक्त्यात बसवलेली असतात. तक्ता पाठ होतो, पण त्यातला कुठला रकाना कशासाठी आहे ते सुटतं.

उत्तर कशासाठी हवंय यावरही बरंच अवलंबून आहे. सेट-नेटच्या (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांच्या) पेपरला ब्रिटिश उच्चारांचा तक्ता जसाच्या तसा यावाच लागतो. पाचवीच्या वर्गात तो तक्ता नेऊन काहीच साधत नाही, तिथे चार-पाच जोड्या पक्क्या झाल्या तरी खूप. स्वतःचं बोलणं सुधारायचं असेल तर घरात कोणती भाषा बोलली जाते यावर सुरुवात ठरते. त्याकडे पुढे येते.

आधी एक अडचण सोडवू. इंग्रजीचे स्वर देवनागरीत लिहायला गेलं की दोन-दोन स्वर एकाच अक्षरात जाऊन बसतात. म्हणून मी वर्गात स्वरांना शब्दांची नावं देते. ही पद्धत जॉन वेल्स या ब्रिटिश ध्वनितज्ज्ञांची. १९८२ साली त्यांनी इंग्रजी शब्दांचे २४ गट केले आणि प्रत्येक गटाला एका सोप्या शब्दाचं नाव दिलं: किट, ड्रेस, ट्रॅप, लॉट, स्ट्रट, फूट, फ्लीस, गूस, नर्स, थॉट, पाम, फेस, गोट, प्राइस वगैरे. ‘किटचा स्वर’ म्हटलं की शिप, बिट, सिट यांतला स्वर. ‘फ्लीसचा स्वर’ म्हटलं की शीप, बीट, सीट यांतला. कोणत्या देशातला माणूस तो कसा उच्चारतो याची चर्चा नंतर करता येते, नाव तेच राहतं. खाली मी हीच नावं वापरणार आहे.

आता तोंडात काय होतं ते बघू. व्यंजनाचं वर्णन त्या मानाने सोपं असतं. ‘प’ म्हणताना ओठ मिटतात, ‘त’ म्हणताना जीभ दातांना टेकते, स्पर्श कळतो. स्वरात जीभ कुठेच टेकत नाही, हवा मोकळी बाहेर पडते. म्हणून जीभ नेमकी कुठे आहे हे म्हणणाऱ्यालाही पटकन कळत नाही. त्यासाठी आरशासमोर उभं राहून सावकाश, न थांबता ई, ए, ॲ, आ असं म्हणा. जबडा पायरीपायरीने खाली येतो. जिभेचा पुढचा फुगवटा आधी टाळूच्या जवळ असतो आणि तो खाली खाली जातो. (जिभेचं टोक नव्हे, टोक खालच्या दातांमागे निवांत असतं. मुलं हमखास टोकाकडे लक्ष देतात आणि गोंधळतात.) मग ऊ, ओ, ऑ म्हणा. आता जिभेचा मागचा भाग उचललेला आहे, ओठ गोल आहेत, आणि तो गोल हळूहळू मोठा होतोय.

एवढ्यात तुम्ही वर्गीकरणाचे तीन निकष तोंडात अनुभवलेत. जीभ किती उंच: संवृत (जीभ सर्वांत वर), अर्धसंवृत, अर्धविवृत, विवृत (सर्वांत खाली). जिभेचा कोणता भाग उचललेला: अग्र, मध्य, पश्च. ओठ गोल की नाहीत. परीक्षेत ‘थ्री टर्म लेबल’ मागतात ते हेच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधले डॅनियल जोन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या जागा पक्क्या करण्यासाठी आठ ‘कार्डिनल’ स्वर ठरवले. ते कोणत्याही एका भाषेचे नाहीत. मोजणीसाठी रोवलेल्या खुणा आहेत, आणि इंग्रजीचा, मराठीचा, फ्रेंचचा कुठलाही स्वर त्यांच्या संदर्भाने सांगता येतो. तक्त्यातला तो तिरका चौकोन म्हणजे या खुणांचा नकाशा.

हा नकाशा बराचसा कानाने काढलेला आहे, हेही लक्षात असू द्या. पुढे एक्स-रे काढून जीभ पाहिली तेव्हा ती दर वेळी चौकोनातल्या जागेवर सापडली नाही. म्हणून आज आवाजाच्या मोजमापाचा आधार घेतात. स्वराच्या आवाजात काही कंपनसंख्या जास्त जोरात असतात, त्यांना फॉर्मंट म्हणतात. तोंड जितकं उघडं तितका पहिला फॉर्मंट वर जातो, जीभ जितकी पुढे तितका दुसरा वर जातो. १९५२ साली अमेरिकेत पीटरसन आणि बार्नी यांनी ७६ जणांचे स्वर मोजले. त्यातल्या पुरुषांची सरासरी अशी: फ्लीसचा पहिला फॉर्मंट २७० हर्ट्झ, दुसरा २२९०. किटचा पहिला ३९०, दुसरा १९९०.

हे दोन आकडे जवळून बघा, कारण तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांत आहे. किट हा फ्लीसचा आखूड अवतार असता तर दोघांचे फॉर्मंट सारखेच आले असते, फक्त वेळ कमी लागली असती. इथे तर पहिला १२० ने वर आणि दुसरा ३०० ने खाली आहे. म्हणजे किट म्हणताना तोंड थोडं जास्त उघडं आहे आणि जीभ मध्याकडे मागे सरकली आहे. जागाच वेगळी आहे. तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर ‘प्राट’ नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ॲम्स्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी केलेलं. फोनवर आवाज रेकॉर्ड करून त्यात उघडला की फॉर्मंट दिसतात. माझ्या वर्गातली मुलं स्वतःचं शिप आणि शीप त्यात टाकतात तेव्हा बहुतेकांचे दोन्ही फॉर्मंट जवळजवळ एकाच जागी येतात, फक्त दुसरा स्वर लांब असतो. म्हणजे आपण इंग्रजी जोडीला मराठी माप लावलेलं असतं.

आणि मराठीत ते माप बोलण्यात किती काम करतं? पीठ, पण पिठात. फूल, पण फुलाला. शब्द तोच, अर्थ तोच, नुसता प्रत्यय लागला की दीर्घाचा ऱ्हस्व झाला. म्हणजे मराठीत इकार-उकाराची लांबी बरीचशी शब्दातल्या जागेवर ठरते. दिन-दीन, शिर-शीर अशा जोड्या व्याकरणात शिकवतात खऱ्या, पण त्या मुख्यतः लिहिताना सांभाळाव्या लागतात. गप्पा मारताना त्या जोड्यांचा अर्थ आपण संदर्भावरून लावतो. त्यामुळे लांबीने शब्द ओळखायची सवय मराठी कानाला मुळातच कमी, आणि जागेने इ आणि ई वेगळे करायची तर नाहीच.

इथे फोनॉलॉजी सुरू होते. स्वरांचा प्रदेश सलग आहे, ई पासून आ पर्यंत मध्ये कुठेही नैसर्गिक रेघ नाही. एकाच शिवारात प्रत्येक भाषा आपापले बांध घालते. कुणी मोठी वावरं ठेवतं, कुणी लहान लहान तुकडे पाडतं. मराठीने पुढच्या बाजूला इ, ए, ॲ असे तीन तुकडे केले. त्यातला ॲ तर बराचसा इंग्रजी शब्दांबरोबर आलेला, आणि २००९ च्या शासन निर्णयाने तो ऑ च्या जोडीने वर्णमालेत अधिकृतपणे बसला. ब्रिटिश इंग्रजीने त्याच पट्टीत फ्लीस, किट, ड्रेस, ट्रॅप असे चार साधे स्वर ठेवले आणि त्यावर फेसचा सरकता, म्हणजे संयुक्त, स्वर. आपल्या तीन तुकड्यांत त्यांचे पाच कोंबायचे तर काही एकमेकांत मिसळणारच.

कोणता बांध खरा आहे हे ओळखायची पद्धत म्हणजे मिनिमल पेअर: बाकी सगळं तेच ठेवायचं, एकच ध्वनी बदलायचा, आणि शब्द बदलतो का ते बघायचं. बदलला तर ते दोन वेगळे स्वनिम (शब्द वेगळा करणारे ध्वनी), नाही बदलला तर एकाच स्वनिमाची दोन रूपं. ओठांच्या गोलाईचंच बघा. वर्णनात आपण ती दर वेळी लिहितो. पण इंग्रजीत पुढचे स्वर सगळे अगोल आहेत, आणि गोल असतात ते मागचेच. फ्रेंच-जर्मनमध्ये जीभ पुढे ठेवून ओठ गोल करतात आणि त्याने शब्द बदलतो, इंग्रजीत तसं होत नाही. म्हणजे तीन निकषांतली गोलाई इंग्रजीत बहुतेक ठिकाणी बाकी दोघांच्या मागून येते. वर्णनाला ती लागते, शब्द वेगळे करायला फारशी लागत नाही. फोनेटिक्स आणि फोनॉलॉजी यांतला फरक मला वर्गात याच उदाहरणाने सर्वांत लवकर पटवता येतो.

आता लांबी. लांबीवर नुसतं विसंबून राहता येत नाही, याचं एक कारण इंग्रजीतच आहे. स्वरानंतर त्याच सिलॅबलमध्ये (एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाच्या तुकड्यात) प, ट, क, स यांसारखं अघोष, म्हणजे गळ्यात कंप न होणारं, व्यंजन आलं की इंग्रजी स्वर आखडतो. मण्याचं बीड आणि मारण्याचं बीट या दोन्हींत फ्लीसचाच स्वर आहे, पण बीटमधला इतका आखडतो की तो बोली लावण्याच्या ‘बिड’मधल्या किटच्या स्वराएवढाच भरू शकतो. उलट ‘बॅड’मधला ट्रॅपचा स्वर ‘शॉर्ट’ यादीत असूनही चांगला लांब ऐकू येतो. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश कोशांची लेखनपद्धत बदलली. आधी जोन्स यांच्या पद्धतीत फ्लीस आणि किटला एकच चिन्ह आणि फ्लीसपुढे लांबीचे दोन टिंब असायचे. ब्रिटिश ध्वनितज्ज्ञ ए. सी. गिमसन यांची पद्धत रूढ झाल्यावर दोघांची चिन्हंच वेगळी झाली आणि टिंबही राहिले. तुमच्या दोन पुस्तकांत चिन्हं वेगळी दिसत असतील तर ती बहुधा याच दोन पद्धती आहेत.

तुमच्या वर्गासाठी याचा अर्थ काय? मुलं शिकवल्याप्रमाणे ‘सीट’ लांबवतात. शेवटचा ट नीट फोडत नाहीत. इंग्रजी कानाला लांब स्वर म्हणजे पुढे सघोष (गळ्यात कंप होणारं) व्यंजन असल्याची खूण, तेव्हा त्याला सीडची शंका येऊ शकते. आणि ‘सिट’ आखूड म्हणतात, पण फ्लीसच्याच जागेवरून, तेव्हा ते त्याला ‘सीट’ वाटतं. मूल आपल्या परीने अगदी प्रामाणिक फरक करत असतं, तो फक्त ऐकणाऱ्याच्या खुणांशी जुळत नाही. अशा मुलाला ‘आणखी लांब म्हण’ सांगू नका. किट म्हणताना ‘जबडा किंचित सैल सोड, ओठ ताणू नको, इ म्हणताना थोडं ए कडे झुक’ असं सांगा.

मग ‘टेन्स-लॅक्स’ ही विभागणी कशासाठी? नुसते स्नायू ताणलेत की सैल आहेत एवढ्यावर मी ती कधी शिकवत नाही, कारण स्नायूंचा ताण मुलांना जाणवत नाही. मी शब्दातल्या जागेची कसोटी देते. इंग्रजी शब्दाचा शेवट आघातयुक्त (जोर देऊन म्हटलेल्या) स्वराने होऊ शकतो का ते बघा. बी, ब्लू, लॉ, से, गो, माय, नाऊ, बॉय, सगळे चालतात. आता किट, ड्रेस, ट्रॅप, स्ट्रट, लॉट, फूट यांतला स्वर घेऊन तसा शब्द करून बघा. होत नाही. ‘या’, ‘नाह’ असे बोलीतले उद्गार सोडले तर या सहा स्वरांना पुढे व्यंजन लागतंच. उलट सिंग, सँग, साँग, संग या शब्दांतल्या अनुनासिकाआधी बहुतेक वेळा याच गटातले स्वर येतात, फ्लीस किंवा फेस येत नाहीत. म्हणजे हे दोन गट कुणा पुस्तकवाल्याने सोयीसाठी पाडलेले नाहीत, भाषाच त्यांना वेगळी वागणूक देते. ‘लाँग-शॉर्ट’ आणि ‘टेन्स-लॅक्स’ ही याच दोन गटांची दोन नावं आहेत. पेपरला दोन्ही लिहा, आणि ही कसोटी एका ओळीत जोडा. तपासणाऱ्याला कळतं की तक्त्याच्या पुढचं काही वाचलंय.

इथवरचं थोडक्यात: किट आणि फ्लीस जागेने वेगळे, लांबी ही सोबतची आणि बदलती खूण, आणि शब्दाच्या शेवटी कोण येऊ शकतो हा दोघांमधला व्यवस्थेतला फरक.

आकड्यांचं कोडं त्यामानाने लवकर सुटतं. २० हा आकडा दक्षिण इंग्लंडच्या प्रतिष्ठित उच्चाराचा, ज्याला आपण आर.पी. (रिसीव्ड प्रनन्सिएशन) म्हणतो. त्यात अग्र ४ (फ्लीस, किट, ड्रेस, ट्रॅप), मध्य ३ (स्ट्रट, नर्स आणि ‘अबाउट’च्या सुरुवातीचा श्वा), पश्च ५ (पाम, लॉट, थॉट, फूट, गूस). झाले १२. त्यांतले ५ लांब: फ्लीस, पाम, थॉट, गूस, नर्स. संयुक्त ८: फेस, प्राइस, चॉइस हे इ कडे सरकणारे, गोट आणि माउथ उ कडे सरकणारे, आणि निअर, स्क्वेअर, क्युअर मध्याकडे सरकणारे. मुख्यतः या शेवटच्या तिघांमुळे आकडा हलतो. आर.पी.मध्ये कारचा, निअरचा र बोलत नाहीत, म्हणून तिथे संयुक्त स्वर मोजावा लागतो. अमेरिकन माणूस र बोलतो, त्याच्या हिशेबात तो ‘स्वर अधिक र’ आहे, वेगळा स्वर नाही. शिवाय लॉट आणि पाम बहुतेक अमेरिकनांमध्ये एक झालेत, लॉट आणि थॉटही पुष्कळांच्या बोलण्यात एक झालेत. खुद्द इंग्लंडात आज स्क्वेअर हा सरकता राहिलेला नाही, लांब साधा स्वर झालाय, आणि ‘पुअर’ कित्येक जण थॉटच्या स्वराने म्हणतात. उत्तर इंग्लंडात स्ट्रट आणि फूट एकच आहेत, तिथली ‘बस’ आपल्याला ‘बुस’सारखी ऐकू येते. तेव्हा ‘इंग्रजीत किती स्वर’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कुणाच्या इंग्रजीत’ हे आधी सांगावं लागतं.

आपल्या इंग्रजीबद्दल आता. आपण र बोलतो, बोलूच. फेस आणि गोट आपण न सरकवता सरळ ए आणि ओ असे बोलतो, भारतभर बहुतेक जण तसेच बोलतात. स्ट्रट आणि श्वा आपल्या अ मध्ये एक होतात, ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातही अनेकांचे होतात. यातलं काही दुरुस्त करण्यात मी वर्गाचा वेळ घालवत नाही. फूट-गूसचंही तसंच: फुल आणि मूर्ख या अर्थाचा फूल, पुल आणि पूल, असल्या जोड्या मोजक्याच. स्कॉटलंडमध्ये तर हे दोन स्वर एकच आहेत आणि कुणाचं अडत नाही. खाटेचं कॉट आणि पकडलेलं कॉट एक झालं तरी चालतं.

माझ्या मते आपल्याकडे खरा वेळ द्यायचा तो ए वर. शिप-शीपला सगळी पुस्तकं पानं देतात, आणि ड्रेस-फेस ही जोडी मागे राहते. देवनागरीत बघा: लिहायचं पेन आणि दुखण्याचं पेन. ओलं वेट आणि थांबायचं वेट. विकायचं सेल आणि सवलतीचा सेल. परीक्षेची टेस्ट आणि चवीची टेस्ट. हॉटेलच्या मराठी मेन्यूकार्डावर पेपर डोसा आणि पेपर चिकन शेजारी शेजारी असतात. एकात कागद, दुसऱ्यात मिरी, आणि लिहायला दोन्ही ‘पेपर’. आपण लिहितो तसंच बोलतो, त्यामुळे अशा जोड्या ढिगाने एकत्र होतात. फूट-गूसच्या जोड्या मोजक्या, ड्रेस-फेसच्या शेकड्यांनी आणि रोजच्या वापरातल्या. जो फरक जास्त शब्द सांभाळतो त्याला फोनॉलॉजीत जास्त ‘फंक्शनल लोड’ आहे असं म्हणतात. वर्गात काय आधी घ्यायचं ते यावरून ठरवा.

घरच्या भाषेचा मुद्दा इथे येतो. गडहिंग्लज, शिरोळ भागातली किंवा सीमेपलीकडून येणारी जी मुलं घरी कन्नड बोलतात, त्यांना पेन-पेन ही जोडी बहुधा लवकर जमते. कारण कन्नडमध्ये ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए हे दोन वेगळे स्वर आहेत, लिपीतही वेगळे, आणि त्यांनी शब्द बदलतो. त्यांना सांगायचं, ‘लेखणीच्या पेनला तुमचा ऱ्हस्व ए, दुखण्याच्या पेनला दीर्घ.’ झालं. नुसती मराठी बोलणाऱ्या मुलाकडे ही सोय नाही, त्याला ड्रेसचा स्वर नव्याने घडवावा लागतो. मी असं करते: ॲ म्हणायला लावते, तसंच धरून ठेवायला सांगते, आणि हळूहळू ए कडे चढायला लावते. निम्म्यावर थांबवलं की ड्रेस. मराठी ए हा ड्रेसपेक्षा उंच आहे, तो फेसच्या कामाला ठेवायचा आणि थोडा लांबवायचा. मग बॅड, बेड आणि बेक अशा तीन जागा मिळतात आणि मुलाला त्या तोंडात सापडतात. याच पायऱ्या ट्रॅपलाही सांभाळतात, कारण ‘मॅन’ आणि ‘मेन’ एक करणारी मुलंही असतात.

संयुक्त स्वरांबद्दल एकच गोष्ट सांगते. मराठी ‘आई’ आणि इंग्रजीत डोळ्याला म्हणतात ते ‘आय’ एकामागून एक म्हणा. आईमध्ये दोन सिलॅबल आहेत, आ वेगळा, ई वेगळी, दोन्हींना पूर्ण वजन. आयमध्ये एकच सिलॅबल आहे. आवाजाचा जोर सुरुवातीला, पुढे नुसतं इ च्या दिशेने सरकणं, आणि ई पर्यंत पोचणं नाहीच. संयुक्त स्वर म्हणजे दोन स्वरांची बेरीज असं लिहाल तर अर्धेच गुण मिळतील. एका सिलॅबलमधला सरकता स्वर, असं लिहा.

श्वा वेगळ्याने शिकवावा लागतो. इंग्रजी बोलण्यात सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हाच, आणि तो आघात नसलेल्या सिलॅबलमध्येच राहतो. ‘फोटोग्राफ’ या शब्दात आघात पहिल्या सिलॅबलवर आहे, म्हणून तिथे गोटचा पूर्ण स्वर आणि दुसरं सिलॅबल श्वा. ‘फोटोग्राफी’ म्हटलं की आघात दुसऱ्यावर जातो. आता पहिलं आणि तिसरं श्वा होतात, आणि दुसऱ्यात लॉटचा स्वर उमटतो. इंग्रजांचं ते साधारण ‘फटॉग्रफी’ असं होतं. आपण फो, टो, ग्रा, फी चारही सारख्या वजनाने म्हणतो, कारण मराठीत आघाताने स्वर पुसला जात नाही. म्हणून श्वा हा स्वरांच्या धड्यात शिकवला तर डोक्यात राहत नाही. तो आघाताच्या धड्यात शिकवा.

पेपरसाठी लेबल कसं लिहायचं तेही विचारलंय. क्रम कायम ठेवा: जिभेचा भाग, उंची, ओठ. फ्लीस: अग्र, संवृत, अगोल. किट: मध्याकडे सरकलेला अग्र, अर्धसंवृताच्या किंचित वर, अगोल. ड्रेस: अग्र, अर्धसंवृत आणि अर्धविवृत यांच्या मध्ये, अगोल. ट्रॅप: अग्र, अर्धविवृत आणि विवृत यांच्या मध्ये, अगोल. (आजची तरुण ब्रिटिश पिढी तो जवळजवळ विवृतच म्हणते, पण तक्ता जुना असेल तर तक्त्याप्रमाणे लिहा.) पाम: पश्च, विवृत, अगोल. मागच्यांत हा एकटाच अगोल, यावर प्रश्न हमखास येतो. गूस: पश्च, संवृत, गोल. नंतर ‘लांब’ किंवा ‘आखूड’ जोडा आणि एक मिनिमल पेअर द्या. संयुक्त स्वराला मात्र एक लेबल लावू नका, कुठून निघतो आणि कुठल्या दिशेने सरकतो ते लिहा.

शाळेसाठी करून बघण्यासारखं: फळ्यावर डावीकडे लेखणी, उजवीकडे दुखरा दात असं चित्र काढा. एका मुलाला वर्गाकडे पाठ करून उभं करा, म्हणजे ओठ दिसणार नाहीत, आणि दोन्हींपैकी कुठलंही ‘पेन’ म्हणायला सांगा. बाकीच्यांनी ऐकून डावा किंवा उजवा हात वर करायचा. हात फुटले, म्हणजे काही डावे आणि काही उजवे वर झाले, की बोलणाऱ्यालाच कळतं, तुम्हाला चूक काढावी लागत नाही. पहिले काही दिवस हात सर्रास फुटतात, तेव्हा थांबू नका. आधी कान तयार होतो, मग तोंड. ड्रेस-फेस बसल्यावर ड्रेस-ट्रॅप घ्या, किट-फ्लीस त्यानंतर. रोज पाच मिनिटं, एका वेळी एकच जोडी.

मुलं घरी मराठी बोलतात, कन्नड की हिंदी, आणि वर्गात कोणत्या जोडीला हात सर्वांत जास्त फुटतात, एवढं इथेच कळवा. पुढच्या जोड्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या ते त्यावरून सांगता येईल.